पूर्वेच्या खोलीतली टाकी

कोल्हापूर
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात आहे. हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. दोन खडकांच्या मध्ये चिकटवायचा लगदा लावलाय, तो घट्ट होईपर्यंत वरचा खडक धरून बसायचं. तौसीफ म्हणाला, वीस मिनिटं.

सोनल, घरात नवीन काय, असं तू गेल्या पत्रात विचारलंस. हेच नवीन. खाऱ्या पाण्याची टाकी, चार फूट लांब. तौसीफ तुला आठवत असेल, माझ्याबरोबर फोर्जिंगला हॅमरवर होता. त्यानं कारखाना सोडून माशांचं दुकान टाकलंय. त्यानंच हा नाद लावला.

फोनवर सांगितलं असतं. पण हॅमरच्या धडधडीनं उजवा कान नेला आणि डावा अर्धा. फोनवर मला तुझा सूर कळतो, शब्द कळत नाहीत. सूर बरा वाटला की मी फोन ठेवतो.

मासे चार आहेत. एंजल माशांतली ठेंगणी जात, कोरल ब्यूटी म्हणतात. बोटाएवढे, निळेजांभळे, कुशीला केशरी. एका टाकीत एकच ठेवायचा, दोन ठेवले तर एक मरतो, असं बाकीचे दुकानदार सांगतात. तौसीफ म्हणतो, ते अर्धंच खरं. समुद्रात ते एकटे नसतात. एक नर, तीन-चार माद्या, एवढा घोळका असतो. लहानपणी सगळ्या माद्याच. त्यांतली जी मोठी आणि दांडगी, तिचा पुढं नर होतो. म्हणून सगळे एकाच दिवशी सोडायचे, लहानमोठे बघून. कुणाची जागा आधी ठरलेली नको. कपारी भरपूर ठेवायच्या. मग ते आपसांत ठरवतात. आमच्या चौघांनी आठ दिवसांत ठरवलं. आता मोठा पुढं, दोघी मागं, आणि धाकटीला सगळे ढकलतात. पण मारत नाहीत.

टाकी तुझ्या खोलीत ठेवली आहे. पूर्वेची, गार राहते, आणि कुणी वापरत नाही. फरशीखाली लोखंडी पट्ट्या घालून घेतल्या. पाणी, खडक, काच धरून पाचशे किलोच्या वर वजन आहे. आता ती हलायची नाही.

आईनं दोन अटी घातल्या. कोळंबी घरात येणार नाही. म्हणून समुद्री शेवाळाची वाळकी पानं घालतो, आणि उकडलेले मटार. दुसरी अट तिच्याच शब्दांत: "दिवस मावळल्यावर ह्या घरात कोण जेवत न्हाय. मासं ह्या घरात ऱ्हायचं असतील तर त्यांनीबी न्हाय." त्यामुळं आई ताट घेते त्याच्या आधी मी त्यांना घालतो आणि दिवा बंद करतो. अनुजा म्हणते, सासूबाईंना आता चार सुना जास्त झाल्या.

वीस मिनिटं झाली. दिवाळीला येशील तेव्हा दाखवतो.

वृषभ


हुबळी
२१ ऑगस्ट २०२४

अण्णा,

पत्र मिळालं. पाण्याचा एक थेंब पडून "आपसांत" हा शब्द फुटला आहे. वाचता आला.

धाकटीचं वाचून बरं वाटलं. ढकलतात पण मारत नाहीत, हे तू किती दिवस बघून लिहिलंस?

खोलीत टाकी ठेवलीस ते बरं केलंस. बारा वर्षं रिकामीच होती. माझी कॉट कुठं ठेवली? सहज विचारते. आणि टाकीचा दिवा निळा असतो का? शाळेतल्या एका मुलीच्या घरी आहे, ती म्हणत होती.

यापुढं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. घरी दुपारी कुणी नसतं, टपाल दारात भिजतं.

आठवीला यंदा गणिताबरोबर भूगोलही माझ्याकडे आला आहे. काल समुद्र शिकवला. भरती-ओहोटी शिकवताना मला तुझ्या टाकीत ती नसेल याचं वाईट वाटलं.

सगळे बरे आहेत. आईच्या गुडघ्याचं लिही.

सोनल


कोल्हापूर
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

सोनल,

तुमचा टपालवाला बदलला की काय? इथला बरा आहे. आता पत्र शाळेतच पाठवतोय.

आईचे पर्युषणातले दशलक्षणाचे उपवास पार पडले. गुडघा आहे तसा आहे. कॉट मी तौसीफच्या आईला दिली. अमीरबींना जमिनीवरून उठता येईना. अनुजा नको म्हणत होती. म्हणाली, सोनलताई आल्या तर. मी म्हटलं, वर्षातनं चार दिवस तर येते, गादीवर झोपेल. दिवा निळाच आहे.

या महिन्यात एक चूक केली. तौसीफच्या दुकानात एक कोरल ब्यूटी परत आला. ज्यानं नेला होता त्यानं टाकी मोडली आणि मासा आणून दिला. तौसीफ म्हणाला, "अण्णा, घेऊन जा की. इथं काचंला नाक लावून बसतोय, बघवत न्हाय." मी आणला. पारदर्शक डबीत घालून टाकीत लटकवला. डबीला भोकं असतात, पाणी तेच, फक्त मध्ये भिंत. एकमेकांना बघून सवय होते म्हणतात. दहा दिवस ठेवला आणि अकराव्या दिवशी डबी काढली.

मोठा त्याच्या अंगावर गेला नाही. दोघीही नाहीत. गेली ती धाकटी. जिला आजवर सगळ्यांनी ढकललं, तीच. तो पंपाच्या मागं कोपऱ्यात जाऊन बसला. शेपूट फाटलं. शेवाळाचं पान तोंडासमोर धरलं तरी घेईना. तिसऱ्या दिवशी जाळीत धरून तौसीफकडं पोचवला.

तेव्हा आता ठरवून टाकलं. चार जमलेत, चारच राहतील. एकदा घर बसलं की मागाहून येणाऱ्याला जागा होत नाही. त्याचा दोष नसतो आणि यांचाही नसतो.

दिवाळीला कधी निघतेस ते कळव. स्टँडवर येतो.

वृषभ


हुबळी
२० ऑक्टोबर २०२४

अण्णा,

दिवाळीला येत नाही. इकडं नणंद येणार आहे, पाहुणे आहेत. आईला तू सांग. मी फोनवर सांगितलं तर ती कारण विचारील.

अमीरबींना कॉट दिलीस ते चांगलं केलंस.

तो पाचवा मासा जगला का?

सोनल


हुबळी, बसस्थानक
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

सोनल,

आज भाऊबीज. तू आली नाहीस म्हणून मी आलो. कळवलं नाही, तुला चकित करायचं होतं.

तुझ्या घरी गेलो. दार आदर्शरावांनी उघडलं. ते दोन वाक्यं बोलले, मला कळली नाहीत. मी हसून करंज्यांची पिशवी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की मला ऐकू येत नाही. आत जाऊन वर्तमानपत्र आणलं आणि त्याच्या कडेला लिहून दिलं: सोनल १० जूनपासून इथं राहत नाही. तो कागद माझ्या खिशात आहे.

तुझ्या सासूबाई मागं उभ्या होत्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

जून. म्हणजे मी तुला माशांचं पहिलं पत्र लिहिलं तेव्हा दोन महिने होत आले होते.

शाळेत गेलो. बंद. पहारेकरी तुला ओळखतो, पण तू कुठं राहतेस ते सांगायला तयार नाही. बरोबर आहे त्याचं. मी त्याला वहीवर लिहून विचारलं, ती बरी आहे का. त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, तेही मला नीट कळलं नाही. तिथला हो मान आडवी हलवून असतो काय?

हे पत्र, करंज्या आणि साडी त्याच्याकडं देतोय. करंज्या मुंग्या लागायच्या आत खा.

कधीपासून बाकावर बसलोय आणि मी तुला काय काय लिहिलं ते आठवतोय. टाकी हलायची नाही. कॉट दिली. चारच राहतील. सोनल, मी माशांबद्दल लिहीत होतो.

वृषभ


हुबळी
१० नोव्हेंबर २०२४

अण्णा,

मला माहीत आहे तू माशांबद्दल लिहीत होतास. तुला आडून बोलता येत नाही. तरी ते पत्र मी तीनदा वाचलं.

मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहते. खोलीत तिघी आहोत. बाकीच्या दोघी वयानं लहान आहेत, मला मॅडम म्हणतात.

का निघाले ते थोडक्यात सांगते. कुणी मारलं नाही. कुणी उपाशी ठेवलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. एका दिवशी नाही, हळूहळू. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आधी सासूबाईंनी, मग नवऱ्यानं. मी स्वयंपाक करायची, ते जेवायचे. मीठ कमी झालं तर उठून स्वतः घ्यायचे, मला सांगायचे नाहीत. चौदा महिने. तुला ऐकू येत नाही, तरी तू सारखा बोलतोस. मला तुझी पत्रं किती मोठी वाटायची ते तुला कळणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. मी जुलैत कोल्हापूरला आले होते. सात तारखेला, रविवारी. दोन बॅगा घेऊन. स्टँडवरून रिक्षा केली आणि गल्लीच्या तोंडाशी उतरले, कारण आईनं रिक्षातून दोन बॅगा उतरताना बघाव्यात असं वाटेना. चालत घरासमोर आले. माझ्या खोलीच्या खिडकीत निळा उजेड होता. मी तिथं उभी राहिले. त्या खोलीत कुणीतरी राहतं, असं वाटलं. अनुजाचं कुणी असेल, भाडेकरू असेल. मग तो उजेड एकदम बंद झाला. मला वाटलं, आत जो कुणी आहे त्यानं मला पाहिलं.

मी बॅगा उचलल्या आणि मागं फिरले.

नंतर तुला लिहून विचारलं, घरात नवीन काय. तुझं उत्तर त्या घरी गेलं, ते टपालवाल्यानं मला शाळेत आणून दिलं. त्यावरून कळलं की ते मासे होते आणि आईच्या जेवणाची वेळ झाली होती. मला हसू आलं. मग तू लिहिलं होतंस, ती आता हलायची नाही.

तुझा राग नाही. मी विचारलंच नव्हतं. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

करंज्या मिळाल्या. तिघींनी खाल्ल्या. साडी नेसून शाळेत गेले. पहारेकऱ्याची मान हो म्हणत होती.

सोनल


कोल्हापूर
१५ नोव्हेंबर

सोनल,

चौथी शिकल्याली बाई लिवतीया, हसू नगंस.

तुज्या अण्णानं मला तुजं पत्र वाचून दाखिवलं. वाचता वाचता त्येचा आवाज फुटला. त्येला सोताचा आवाज नीट ऐकू येत न्हाय म्हणून बरं.

गल्लीपातुर आलीस आन् माघारी गेलीस? आगं, दार वाजवायचं हुतंस की. मी आतच हुते, ताटावर. दिस मावळायला आला म्हणून घाईनं भाकरी मोडत हुते. आपली पोरगी दारात हुबी हाय आन् मी घास गिळतीया, हे आता रोज जेवताना आठवतंय. घास उतरत न्हाय.

लोक काय म्हणतील, असं तुला वाटलं आसंल. लोक म्हणतील. तुजा बाप गेला तवाबी म्हणालं हुतं. म्हणून थांबलं का काय?

मी अण्णाला इचारलं, माशास्नी खोली हाय आन् पोरीला न्हाय, व्हय रं? त्येला ऐकू आलं का न्हाय, द्येवाला ठावं. पर दुसऱ्या दिशी टेप घिऊन पुढचा सोपा मोजत हुता.

अनुजा म्हणती, तिला लिवा, तिज्या कपाटाला हात लावलेला न्हाय.

गुडघा बरा हाय. तू इचारतीस म्हणून सांगते, न्हाईतर बरा न्हाय.

आई


कोल्हापूर
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

सोनल,

टाकी हलवली. काल सकाळी सुरू केलं ते दिवस मावळेपर्यंत. आमची सुट्टी सोमवारी, म्हणून मी रजा टाकली होती. तौसीफ, कारखान्यातला गोमटेश आणि त्याचे दोघं भाऊ आले होते.

आधी पाणी काढलं. निम्मं तरी तेच परत घालावं लागतं, म्हणून धुऊन घेतलेल्या सहा पिंपांत भरून ठेवलं. मग खडक काढले. ऑगस्टमध्ये हात धरून बसून चिकटवलेला खडक फोडावा लागला. खडक गेल्यावर मासे धरायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. लपायला काही नसलं की ते उभेच राहतात. चार बादल्यांत चार ठेवले. रिकामी काच पाच माणसांनी उचलून सोप्यात आणली. आई मध्ये उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती असं तौसीफनं सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही, आणि तिला बाजूला हो म्हणायचं कुणाला धैर्य झालं नाही.

खडक मुद्दाम वेगळे रचले. तौसीफ म्हणाला, "जुनी कपार एकबी ठेवायची न्हाय." संध्याकाळी त्यानं पिशवीतून तो पाचवा काढला. तू विचारलं होतंस, जगला का. जगला. शेपूट भरून आलंय. पाचही एकाच वेळी सोडले, दिवा न लावता. कुणालाच काही ओळखीचं नव्हतं. धाकटी त्याच्याजवळून दोनदा गेली आणि आपली कपार शोधायला लागली. आज सकाळी पाचही होते. तो खालच्या कपारीत आहे, बाहेर येत नाही, अजून खात नाही. मी सप्टेंबरात लिहिलं होतं ते अर्धंच खरं निघालं. मागाहून येणाऱ्याला जागा होते, पण आधीच्यांनी जागा सोडावी लागते. मी त्यांना न हलवता त्याला आत टाकला होता.

हे माशांचं झालं. तुझं वेगळं लिहितो, म्हणजे परत घोटाळा नको. तुझी खोली रिकामी आहे. फरशीवर टाकीच्या पायांचे चार डाग पडलेत, ते निघत नाहीत. कॉट परत नेण्यासाठी अमीरबींनी दोनदा निरोप धाडला. आई म्हणाली, म्हातारीखालून कॉट ओढायची न्हाय. तेव्हा सध्या गादी आहे. खिडकी उघडी ठेवलीय, खाऱ्या पाण्याचा वास जायला.

ये. चार दिवस नाही म्हणत. ये.

आणि रिक्षा दारापर्यंत आण.

वृषभ


सोप्यातल्या टेबलावर
रविवार, ८ डिसेंबर

अण्णा,

तू पाळीवर गेलास. परत येशील तेव्हा मी झोपलेली असेन, म्हणून लिहून ठेवते. काल दोन्ही बॅगा घेऊन दारातच उतरले, आणि रात्री आपण तिघं इतकं बोललो की ज्याचं त्यानं काय ऐकलं, देव जाणे. तू तर माझ्या तोंडाकडं बघून बघून दमलास.

उद्या पहाटे जाते आहे. दहावीचे वर्ग मार्चपर्यंत सोडता येत नाहीत. मार्चनंतरचं आईनं ठरवूनच टाकलं आहे, माझं अजून ठरत नाही. बारा वर्षांनी मला या घरातली भांडी कुठं असतात ते विचारावं लागलं. अनुजानं सांगितलं, आणि नंतर उगाचच सगळे डबे उघडून दाखवले. तिला वाईट वाटलं असावं. मला काही वाटलं नाही, असं लिहिणार होते, पण तुला खरं लिहायची आता सवय झाली आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आईनं साडेपाचला जेवायला हाक मारली. मी म्हटलं, भूक नाही, नंतर घेते. आई म्हणाली, नंतर म्हंजी कधी, दिवस मावळला की चूल बंद. मी म्हटलं, मग नाही जेवत. ती रागावली आणि अनुजाला घेऊन आत गेली. टाकीचा दिवा तू जाताना लावून गेला होतास, तो मी बंद केला. सोप्याच्या खिडकीतून उन्हाचा उजेड येत होता, तेवढाच राहू दिला. तो हळूहळू कमी झाला.

मग मोठा वर आला. दोघींतली जी जरा लहान आहे तिच्याभोवती फिरला आणि तिच्या पोटाला तोंड लावून तिला वर ढकलायला लागला. ती आडवी होऊन तरंगत राहिली. दोघं एकमेकांना धरून असल्यासारखे पाण्याच्या वरच्या थरापर्यंत गेले. एक क्षण थांबले. मग फटकन वेगळे होऊन खाली कपारीत गेले. वर धुरासारखं काहीतरी पसरलं आणि विरून गेलं. तौसीफला फोन करून विचारलं. तो ओरडलाच. म्हणाला, "ताई, अंडी घातली! दिवा खटकन बंद केला की घालत न्हाईत. अण्णाला शंभरदा सांगितलं, त्यो कानावरच घेत न्हाय." अंडी त्या टाकीत जगत नाहीत म्हणाला, पंप ओढून नेतो. पण घालतात, बरं असलं की.

तू पाच महिने रोज याच वेळेला दिवा बंद करून जेवायला बसत होतास. म्हणून तुला दिसलं नाही.

पाचवा त्यात नव्हता. तो खालच्या कपारीतून बघत होता. मी काचेजवळ गेले तर आत सरला नाही.

नंतर आत गेले तर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. आई म्हणाली, अजून उजेड हाय, बस. बाहेर पूर्ण अंधार होता. मी बसले. तीही माझ्यासमोर बसून राहिली.

सोनल


सोमवार, ९ डिसेंबर, सकाळ

सोनल,

तुला सहाच्या बसला बसवून परत आलो. सोप्यातली चिठ्ठी आता वाचली.

पाचव्यासाठी लावलेलं शेवाळाचं पान एका कडेला कुरतडलेलं आहे. कुणी खाल्लं ते सांगता येत नाही.

तुझ्या खोलीत गेलो. गादी घडी करून ठेवली आहेस. दोन्ही बॅगा तिथंच आहेत.

वृषभ